ज्येष्ठांच्या तपासणी पॅकेजमधील पीएसए : मोजणी चोख, अहवाल अपुरा

मला ७३ वर्षे पूर्ण झाली तेव्हा मुलाने एका खासगी प्रयोगशाळेचे ज्येष्ठांसाठीचे तपासणी पॅकेज माझ्या नावावर घेतले. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, किडनी, लिव्हर अशा साठ-सत्तर तपासण्यांच्या यादीत अगदी तळाशी ‘पीएसए टोटल’ अशी एक ओळ होती, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची मोजणी. हा अभिप्राय फक्त त्या एका ओळीविषयी आहे. बाकीच्या तपासण्यांबद्दल माझी तक्रार नाही आणि सांगण्यासारखे विशेषही काही नाही. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण नंतर माझ्या वयाच्या चार परिचितांचे वेगवेगळ्या ठिकाणचे अहवाल मागवून पाहिले तेव्हा त्यांपैकी तिघांच्या अहवालात मी पुढे सांगतो तीच उणीव निघाली.

नमुना घ्यायला आलेला तरुण कामात वाकबगार होता. सांगितलेल्या वेळी आला, एकाच टोचणीत शीर सापडली, नळ्यांवरचे नाव आणि वय त्याने मला दाखवून खात्री करून घेतली. “उपाशी आहात ना, काका?” एवढा एकच प्रश्न त्याने विचारला. साखरेसाठी तो प्रश्न योग्य होता. पीएसएसाठी मात्र उपाशी असण्याला काहीच महत्त्व नसते, आणि ज्यांना महत्त्व असते ते प्रश्न ना त्याने विचारले, ना नोंदणीच्या वेळी कोणी विचारले. लघवीचा जंतुसंसर्ग गेल्या सहा आठवड्यांत झाला होता का, गेल्या ४८ तासांत सायकल चालवली किंवा जोराचा व्यायाम केला का, त्याच काळात वीर्यस्खलन झाले का, प्रोस्टेटसाठी कुठली गोळी चालू आहे का, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मला तीन आठवड्यांपूर्वीच लघवीचा संसर्ग होऊन गेला होता आणि आदल्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे अर्धा तास घरातली व्यायामाची सायकल चालवली होती. हे मी आपणहून सांगितले नाही, कारण त्याचा संबंध असतो हेच मला ठाऊक नव्हते.

त्याच रात्री साडेनऊला अहवाल मोबाइलवर आला. सगळ्या काळ्या आकड्यांमध्ये एकच आकडा ठळक लाल होता : पीएसए टोटल ५.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी ‘हाय’ असा शेरा आणि त्यापुढे संदर्भ मर्यादा ०.० ते ४.०. खाली ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे वाक्य. पानाच्या माथ्यावर माझ्या नावासमोर ‘वय ७३, पुरुष’ असे व्यवस्थित छापले होते; पण तीस-बत्तीस ओळी खाली येईपर्यंत त्या वयाचा उपयोग कुणीही केलेला नव्हता. चाळिशीतल्या माणसाला आणि मला एकच मोजपट्टी लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्रयोगशाळेतून आरोग्य सल्लागार म्हणवणाऱ्या एका मुलीचा फोन आला. “सर, तुमचा कॅन्सर मार्कर वाढलेला आलाय, युरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट बुक करू का?” मी विचारले, “माझ्या वयाच्या मानाने वाढलेला आहे का?” त्यावर तिने सांगितले, “सर, नॉर्मल चारपर्यंतच असतं.” मुलीचा दोष नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर तेवढेच लिहिलेले असणार. पण ‘कॅन्सर मार्कर’ हे शब्द सकाळच्या चहाच्या वेळी स्पीकरवर ऐकू आल्यामुळे घरात पुढचे चार दिवस कसे गेले ते आम्हीच जाणतो.

माझी सगळी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली. सोनाराच्या तराजूला जेवढी चूक माफ असते तेवढीच मालमोटारी तोलणाऱ्या वजनकाट्याला लावली तर देशातला एकही वजनकाटा पास होणार नाही, हे त्या कामात पहिल्याच महिन्यात शिकवतात. म्हणून ‘नॉर्मल चारपर्यंतच’ हे वाक्य मला टोचले, आणि हा चार आला कुठून याचा शोध मी घेतला.

आधी मुळात हे द्रव्य काय आहे ते सांगतो, कारण अहवालात तेही नव्हते. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात असे एक प्रथिन आहे आणि वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम आहे. ते कर्करोगाच्या पेशी बनवतात तसेच निरोगी पेशीही बनवतात. त्यातले थोडे रक्तात झिरपते आणि तेवढेच मोजले जाते. प्रोस्टेट वयानुसार वाढत जाते, ही वाढ बहुतेकांत साधी असते, आणि ग्रंथी मोठी झाली की रक्तात झिरपणारे प्रमाणही वाढते. संसर्ग किंवा सूज आली तर ते आणखी वाढते आणि उतरायला काही आठवडे लागतात. तेव्हा वाढलेला आकडा ‘प्रोस्टेटमध्ये काहीतरी चालले आहे’ एवढेच सांगतो. काय चालले आहे ते तो सांगू शकत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तपासणीला १९८६ मध्ये मान्यता दिली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. रोग शोधण्यासाठी, तेही गुदमार्गातून बोटाने करायच्या तपासणीच्या जोडीने आणि ५० वर्षे व त्यावरील पुरुषांत, ती वापरायला परवानगी मिळाली १९९४ मध्ये, आणि ४.० ही रेषा तेव्हापासून रुळली. त्याच्या एक वर्ष आधी, १९९३ मध्ये, मेयो क्लिनिकच्या ऑस्टरलिंग आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीमधील ४० ते ७९ वयाच्या ४७१ निरोगी पुरुषांचे पीएसए मोजून वयानुसार मर्यादा मांडल्या होत्या. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि ७० ते ७९ या वयात ६.५. साठ वर्षांच्या निरोगी पुरुषाचा आकडा दरवर्षी सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढतो, असेही त्यांच्या हिशेबात निघाले होते. या तक्त्यात माझा ५.३ निवांत बसतो. म्हणजे जो आकडा लाल छापला होता, त्याला काळ्या शाईत छापण्याचा आधार तीस वर्षांपासून छापील उपलब्ध आहे.

हे वाचून मला आधी फार बरे वाटले, आणि इथेच थांबलो असतो तर हा अभिप्राय अर्ध्यावर संपला असता. पण ज्याने मापे तपासली आहेत त्याला दुसरे माप लावून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ऑस्टरलिंग यांनीच १९९५ मध्ये जपानी सहकाऱ्यांबरोबर जपानमधल्या पुरुषांचे आकडे मोजले, तेव्हा तिथल्या मर्यादा खाली आल्या : चाळिशीत २.०, पन्नाशीत ३.०, साठीत ४.० आणि सत्तरीत ५.०. या तक्त्यात माझा ५.३ पुन्हा रेषेबाहेर जातो. मिनेसोटात निरोगी आणि जपानात संशयित असा मी एकाच रक्ताच्या नळीवर ठरलो. त्यातून मला कळले ते असे की हे तक्ते निसर्गाने आखलेले नाहीत. निरोगी म्हणून निवडलेल्या शंभर माणसांपैकी पंच्याण्णव ज्या आकड्याच्या आत येतात तिथे रेघ मारलेली असते, म्हणजे ठणठणीत माणसांतलेही पाच त्या रेघेबाहेर असणारच, आणि कोणती शंभर माणसे घेतली यावर रेघ कुठे पडेल ते ठरते.

रेघेच्या आत असणे म्हणजेही सुटका नव्हे. अमेरिकेत कर्करोग-प्रतिबंधक औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ज्यांचा पीएसए सात वर्षांत कधीही ४.० च्या वर गेला नव्हता आणि बोटाच्या तपासणीतही काही आढळले नव्हते, अशा २,९५० पुरुषांची शेवटी बायोप्सी (सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणी) केली, तेव्हा ४४९ जणांत, म्हणजे १५.२ टक्क्यांत, कर्करोग सापडला. त्यांपैकी ६७ जणांचा प्रकार अधिक आक्रमक होता. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. वयानुसार मर्यादा वर नेण्याला ज्यांचा विरोध आहे त्यांचे म्हणणे हेच आहे की ४.० च्या खालीही रोग असतो, मग वयस्करांसाठी रेघ ६.५ वर नेली तर आणखी सुटेल. बाजूने बोलणाऱ्यांचे उत्तर असे की सत्तरीनंतर जे सुटेल त्यातले बरेचसे मंदगती असेल, त्याने त्या माणसाला आयुष्यात कधी त्रास झाला नसता, आणि विनाकारण झालेल्या बायोप्सीने मात्र रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि महिनोन्‌महिने चिंता नक्की पदरात पडते. दोन्ही बाजू मला पटतात. ज्या माणसाचे वय ५२ आहे त्याच्यासाठी वयानुसार तक्ता उलटा अधिक कडक होतो, हे या वादात बहुधा विसरले जाते, त्याला ३.८ आला तर जुन्या अहवालात तो काळा छापला जाईल आणि तक्त्याप्रमाणे तो लाल असायला हवा.

आमच्या कुटुंबाच्या डॉक्टर बाईंनी अहवाल वाचायच्या आधीच विचारले, “काका, लघवीचं इन्फेक्शन होऊन किती दिवस झालेत?” मी तीन आठवडे म्हटल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. “मग ही तपासणी आत्ता करायचीच नव्हती. महिनाभर थांबा, दोन दिवस सायकल बंद ठेवा आणि पुन्हा करा.” एवढे एक वाक्य प्रयोगशाळेने नोंदणीच्या वेळी सांगितले असते तर आमचे चार दिवस वाचले असते.

दुसऱ्यांदा मी दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतः जाऊन रक्त दिले. तिथे एक पानभर अर्ज होता आणि त्यात वर सांगितलेले चारही प्रश्न होते. गोळीचा प्रश्न तर ठळक अक्षरात होता, आणि तो का, हे मला एका मित्राच्या अहवालावरून कळले. त्याचा आकडा २.६, काळा, निर्धास्त करणारा. तो गेली दोन वर्षे वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड घेतो आहे, आणि ही किंवा फिनास्टेराइड ही गोळी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणते. म्हणजे त्याचा खरा आकडा ५.२ च्या आसपास धरायला हवा. माझा ५.३ लाल आणि त्याचा ५.२ काळा. त्याच्या अहवालात याबद्दल अक्षरही नव्हते, आणि माझ्या मते लाल छापलेल्या आकड्यापेक्षा हा काळा छापलेला आकडा जास्त गंभीर चूक आहे.

दुसऱ्या ठिकाणी माझा आकडा ४.४ आला. अहवालात वयोगटांचा तक्ता होता, माझा गट अधोरेखित केला होता, मोजणीची पद्धत आणि ती कोणत्या प्रमाणाशी (संदर्भमापाशी) जुळवलेली आहे हेही छापले होते. हा शेवटचा तपशील बहुतेकांना निरर्थक वाटेल; मला तो सर्वात मोलाचा वाटला. पीएसएची यंत्रे दोन वेगवेगळ्या प्रमाणांवर जुळवलेली असतात, एक जुने हायब्रिटेक आणि दुसरे जागतिक आरोग्य संघटनेचे, आणि दुसऱ्यावर तेच रक्त साधारण २० ते २५ टक्के कमी भरते. जुन्या ४.० ची जागा नव्या प्रमाणावर ३.१ च्या आसपास येते. तेव्हा माझा आकडा ५.३ वरून ४.४ झाला तो संसर्ग ओसरल्यामुळे, सायकल थांबवल्यामुळे, की नुसता काटा बदलल्यामुळे, हे मला ठामपणे सांगता येत नाही. पहिल्या अहवालात प्रमाणाचा उल्लेखच नव्हता. माल आणि काटा दोन्ही एकदम बदलून फरक मोजू नये, हे मी आयुष्यभर दुकानदारांना सांगत आलो, आणि स्वतःच्या बाबतीत नेमके तेच केले. पुन्हा तपासणी करणाऱ्यांनी ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावी. माझी दुसरी तपासणी त्या दृष्टीने सदोष आहे.

दुसऱ्या प्रयोगशाळेलाही मी पूर्ण गुण देत नाही. वयोगट दहा-दहा वर्षांचे असल्यामुळे ६९ वर्षे ३६४ दिवस वयाच्या माणसाची मर्यादा ४.५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६.५ असा प्रकार होतो. एका रात्रीत कुणाचे प्रोस्टेट दोन नॅनोग्रॅमने म्हातारे होत नाही. शिवाय तक्त्याखाली तो कोणत्या हेतूने वापरायचा याचा खुलासा नव्हता. हेतूने फार फरक पडतो. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात, लघवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या पुरुषाला तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे यासाठी २.५, ३.५, ४.५ आणि ६.५ हेच वयानुसार आकडे दिले आहेत, आणि ४० च्या आतल्या व ७९ च्या वरच्या माणसांसाठी आकडा न देता डॉक्टरांच्या निर्णयावर सोडले आहे. त्याच देशात कोणतीही तक्रार नसलेल्या ५० ते ६९ वयाच्या पुरुषासाठी मात्र ३ ही रेघ वापरली जाते.

आणि मला, ७३ व्या वर्षी कोणतीही तक्रार नसताना, ही तपासणी करायलाच हवी होती का? हा प्रश्न पॅकेज विकताना कोणी उपस्थित केला नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे असे सांगितले आणि ७० च्या पुढे सरसकट तपासणी करू नये अशी शिफारस केली. कारण सोपे आहे : या तपासणीचा फायदा हाती यायला फार वर्षे लागतात. युरोपमधल्या मोठ्या चाचणीचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, त्यानुसार तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे प्रोस्टेट कर्करोगाचा एक मृत्यू टळला. ब्रिटनमध्ये निदान झालेल्या १,६४३ पुरुषांवर १५ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख, काहीही निवडले तरी या रोगाने दगावलेले एकूण २.७ टक्केच होते. ही माणसे ५० ते ६९ वयाची होती. माझ्या वयाला हा हिशेब कसा लागू होतो ते प्रत्येकाच्या एकूण प्रकृतीवर आणि घरातल्या रोगाच्या इतिहासावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ‘पीएसए टोटल’ ही ओळ सत्तरीच्या पुढच्यांच्या यादीत न विचारता घालणे ही सेवा नव्हे. ती यादी लांब दिसावी म्हणून घातलेली भर आहे.

माझ्यापुरते पुढे असे झाले. डॉक्टर बाईंनी ज्या युरोलॉजिस्टकडे पाठवले त्यांनी बोटाने तपासणी केली, काही कठीण लागले नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ मिलिलिटर निघाले, म्हणजे चांगलेच वाढलेले. त्यांनी ४.४ ला ५२ ने भागून ०.०८५ हा आकडा कागदावर लिहिला आणि सांगितले की हा भागाकार ०.१५ च्या वर असता तर मी अधिक विचार केला असता. मोकळ्या, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या, पीएसएचे एकूणाशी प्रमाण २२ टक्के आले. ते २५ च्या वर असते तर अधिक निर्धास्त, १० च्या खाली असते तर काळजीचे. मी त्यांना सरळ विचारले, मर्यादा कोणती धरायची, ४ की ६.५? ते म्हणाले, “मर्यादेपेक्षा तुमचा पुढच्या वर्षीचा आकडा मला जास्त सांगेल.” तो बराच वाढला तर आधी एमआरआय, आणि त्यात काही दिसले तरच बायोप्सी, असे ठरले. हवे तर पुढची तपासणी करूच नका, हेही त्यांनी सांगितले, आणि ते सांगणारे ते पहिलेच होते.

पहिल्या प्रयोगशाळेला मी नमुना घेण्यासाठी पाचपैकी पाच, मोजणीसाठी चार, अहवालासाठी एक आणि फोनसाठी शून्य गुण देतो. दुसरीला एकूण चार.

तक्रारीचा मेल मी पहिल्या प्रयोगशाळेला पाठवला होता. चौथ्या दिवशी उत्तर आले की संदर्भ मर्यादा किट बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणेच छापली जाते. मी ते पत्रक मागितले आणि त्यांनी ते तत्परतेने पाठवलेही. बारीक अक्षरांतल्या त्या पत्रकाच्या चौथ्या पानावर वयोगटांनुसार अपेक्षित आकड्यांचा तक्ता होता, आणि त्याखाली प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याकडच्या लोकांसाठी या मर्यादा पडताळून पाहाव्यात असे वाक्य होते. दोन्हींखाली लाल रेघ मारून मी ते पान त्यांना परत पाठवले. त्याला आता दोन महिने झाले; उत्तर नाही. पुढच्या वर्षीची तपासणी, केलीच तर, दुसऱ्या प्रयोगशाळेत करणार आहे, आणि तिच्या दोन दिवस आधी सायकलवर चादर टाकून ठेवायची जबाबदारी सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतली आहे.